'लास्ट सॅल्यूट टू द कमोडोर' : कोलंबोचा हा भाग नेमका कुठे फसला?

शांतसागर

गेल्या महिन्यात 'कोलंबो' या जुन्या अमेरिकी डिटेक्टिव्ह मालिकेचा पाचवा सीझन पुन्हा ओळीने पाहून काढला. सहाच भाग आहेत. 'फरगॉटन लेडी' संपला तेव्हा घसा दाटून आला. 'आयडेंटिटी क्रायसिस'मधली कोलंबो साकारणारा पीटर फॉक आणि पॅट्रिक मॅकगुहान यांची जुगलबंदी पुन्हा मनापासून आवडली. 'नाऊ यू सी हिम' लागोपाठ दोनदा पाहिला. आणि मग आला सीझनचा शेवटचा भाग, २ मे १९७६ ला प्रसारित झालेला 'लास्ट सॅल्यूट टू द कमोडोर'.

हा भाग मी आता तिसऱ्यांदा पाहिला. आधी दोनदा नुसतं 'आवडला नाही' इतकंच जाणवलं होतं. या वेळी का आवडत नाही ते शोधायचंच, असं ठरवून बसलो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबावं, पुढे खुनी कोण ते उघड लिहिलं आहे.

कथा थोडक्यात: कमोडोर ओटिस स्वॅन्सन हा बोटी बांधणारा म्हातारा धनाढ्य. घरचे सगळे त्याच्या पैशावर जगणारे, आणि त्याला त्यांचा वीट आलेला. त्याचा जावई चार्ल्स क्ले, म्हणजे रॉबर्ट वॉन, रात्री कमोडोरच्या मृतदेहाची विल्हेवाट लावताना दिसतो. खुणा पुसतो, स्वतः कमोडोर असल्याचं भासवत बोट समुद्रात नेतो, मृत्यू अपघाती वाटावा अशी सगळी तजवीज करतो. आपण निवांत होतो. नेहमीप्रमाणे खुनी आपल्याला कळला, आता कोलंबो त्याला कसा गाठतो ते बघायचं. आणि निम्मा भाग संपल्यावर क्लेचाच खून होतो.

त्यानंतर कळतं की क्लेने खून केलाच नव्हता. तो आपल्या बायकोवर, जोअ‍ॅनावर पांघरूण घालत होता, कारण दारूच्या नशेत तिनेच बापाला मारलं असं त्याला वाटलं होतं. खरा खुनी कमोडोरचा पुतण्या स्वॅनी. जोअ‍ॅनावर आळ आला की वारसा त्याच्याकडे येणार.

कागदावर ही कल्पना वाईट नाही. खूप जण म्हणतात की कोलंबोत खुनी लपवला, तिथेच सगळं बिघडलं. मला ते पटत नाही. माझ्या मते बिघडलं ते क्ले मेल्यावर, कारण त्या क्षणापासून कोलंबोला समोर कुणी उरत नाही. ही मालिका म्हणजे दोन माणसांचा सामना आहे. एकीकडे स्वतःच्या हुशारीवर खूश असलेला माणूस आणि दुसरीकडे चुरगळलेल्या रेनकोटातला, खिसे चाचपणारा पोलीस. दाराबाहेर गेलेला कोलंबो मागे वळून 'अजून एक छोटीशी गोष्ट राहिली' म्हणतो तेव्हा गंमत त्या प्रश्नात कमी आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर जास्त असते. इथे तो कोणाकडे वळणार? स्वॅनीचं आणि त्याचं असं नातं तयारच झालेलं नसतं. कमोडोरची तरुण मैत्रीण लिसा, जोअ‍ॅना, वकील किटरिंग, बोटींच्या कारखान्याचा व्यवस्थापक, सगळ्यांना तो थोडा थोडा भेटतो आणि सगळे थोडे थोडेच राहतात.

दुसरी गोष्ट खुद्द कोलंबोच्या वागण्याची. लोकांच्या इतका जवळ जाऊन बसतो की बघताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. वाक्यं अर्धवट सोडतो, कुजबुजतो, मध्येच हरवतो. हा माणूस माझ्या ओळखीचा नाही असं मला सारखं वाटत राहिलं. ज्याच्यावर इतकी वर्षं जीव लावला त्याला अनोळखी झालेलं पाहणं मला खरंच जड गेलं.

तुमचं मत काय? कुणाला हा भाग आवडत असेल तर त्यांनी जरूर लिहावं, मला समजून घ्यायचं आहे.

जुनीपेटी

धागा काढल्याबद्दल आभार. मी पहिल्या अर्ध्या भागाची बाजू घेणार आहे.

रॉबर्ट वॉनला या भूमिकेत घेणं ही फार विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. आदल्याच वर्षी, १९७५ च्या 'ट्रबल्ड वॉटर्स'मध्ये तो खुनी होता. जहाजावरचा खून, जहाजाच्या दवाखान्यात सापडलेलं उशीतलं पीस, हातमोजे, आठवत असेलच. म्हणजे ज्यांनी तो भाग पाहिला होता त्यांनी इथे वॉनला पाहिल्या पाहिल्या त्याच्यावर शिक्का मारला असणार. वर पुन्हा पाणी आणि बोटी. प्रेक्षकाच्या आठवणीचाच वापर करून त्याला फसवलंय.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा क्लेचा मृतदेह दिसल्यावर अक्षरशः उठून उभी राहिले होते. मालिकेच्या इतक्या भागांत असा धक्का मला क्वचितच बसला. त्यामुळे भाग फसला हे मान्य केलं तरी कल्पना फसली असं मी म्हणणार नाही.

उत्तररात्र

जुनीपेटी, तुमच्या प्रतिसादातली शेवटची ओळ महत्त्वाची आहे. कल्पना आणि भाग वेगळे काढून बघायला हवेत.

खुनी आधी दाखवायचा आणि मग तो कसा सापडतो ते सांगायचं, ही रीत कोलंबोच्या कितीतरी आधीची. ऑस्टिन फ्रीमनच्या 'द सिंगिंग बोन' या १९१२ च्या संग्रहातल्या कथा अशाच आहेत. मालिकेचे जनक लेव्हिन्सन आणि लिंक यांनी तीच रीत टीव्हीवर इतकी पक्की बसवली की लोकांना तो मालिकेचा कायदाच वाटू लागला. पण मालिकेने स्वतः तो आधीही वाकवला होता. १९७३ चा 'डबल शॉक' घ्या. मार्टिन लँडाऊ जुळ्या भावांच्या भूमिकेत. आपल्याला खून होताना दिसतो, आपण एका भावाला खुनी धरून बसतो, आणि शेवटी कळतं की आपल्याला दिसलं ते अर्धंच होतं. तिथेही प्रेक्षकाची दिशाभूल आहेच, पण कोणी त्या भागाला नावं ठेवत नाही.

फरक असा की 'डबल शॉक'मध्ये दोन्ही भाऊ पहिल्यापासून समोर आहेत. कोलंबो त्यांच्याच मागे लागलेला आहे, ते एकमेकांवर ढकलतायत, सामना अखंड चालू आहे. रहस्य लपवूनही सामना शाबूत ठेवता येतो हे तिथे दिसतं. म्हणून शांतसागर यांच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत. क्लेला मारून लेखकाने सामनाच संपवला आणि त्याच्या जागी दुसरा उभा केला नाही.

पडदानशीन

मला हा भाग आवडतो. इथे एकटी पडणार हे दिसतंय, तरी लिहिते.

दिग्दर्शक कोण आहे ते आधी बघा. पॅट्रिक मॅकगुहान. १९७४ च्या 'बाय डॉन्स अर्ली लाइट'मध्ये त्याने लष्करी शाळेचा प्रमुख असा काही उभा केला की त्याला एमी पुरस्कार मिळाला. 'आयडेंटिटी क्रायसिस'मध्ये अभिनय आणि दिग्दर्शन दोन्ही त्याचं. फॉकचा त्याच्यावर इतका विश्वास होता की पुढे १९९० च्या 'अजेंडा फॉर मर्डर'मध्ये आणि त्याच्याही नंतर तो पुन्हा पुन्हा मालिकेत आला. अशा माणसाने कोलंबोला वेगळं वागायला लावलं ते चुकून खास नाही.

माझं वाचन असं आहे. इथे कोलंबोला पहिल्यांदाच खुनी कोण ते माहीत नाही. एरवी पहिल्या भेटीतच त्याच्या नाकाला वास लागलेला असतो, आणि तिथून पुढे त्याचं सगळं वागणं त्या एका माणसासाठी रचलेलं असतं. तो भाबडेपणा, बायकोच्या गोष्टी, पेन्सिल हरवणं. समोर कोण ते ठरलेलंच नसेल तर सोंग कोणासाठी घ्यायचं? म्हणून तो प्रत्येकाशी वेगळा वागून बघतो. लिसा ध्यानाला बसलेली असते तेव्हा तिच्याजवळ तिच्यासारखाच होतो. दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. तो चाचपडतोय. शांतसागर ज्याला अनोळखी म्हणतात तो माझ्या मते सोंग उतरवलेला कोलंबो आहे.

आणि फॉक तेव्हा दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटिसबरोबरही काम करत होता. 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' हा त्यांचा चित्रपट १९७४ चा. तिथली माणसं अशीच बोलतात, एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकत, अर्धं गिळत. त्या कामाची सावली मला इथे दिसते.

मध्यंतर

पडदानशीन यांचा प्रतिसाद वाचून भाग परत लावला. अजून संपला नाही, पण लिसाच्या प्रसंगापर्यंत तरी तुमचं म्हणणं बसतंय.

शांतसागर

पडदानशीन, एकटं पडायचा प्रश्नच नाही, याच प्रतिसादासाठी धागा काढला होता. 'सोंग कोणासाठी घ्यायचं' हा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता आणि तो मला फार पटला.

पण मग एक अडचण राहते. सोंग उतरवलेला कोलंबो आत्ताच का दिसावा, हे भाग आपल्याला कळू देत नाही. आपल्याला तर पहिल्या अर्ध्या भागात क्ले खुनी आहे असंच वाटतंय, आणि कोलंबो त्याही वेळी असाच विचित्र वागतो. क्लेबरोबरच्या प्रसंगांत तो नेहमीसारखा असता आणि क्ले मेल्यावर बदलला असता, तर तुमचं वाचन मी डोळे मिटून मान्य केलं असतं. तो बदल आपल्याला दिसला असता आणि मनाला भिडलाही असता. इथे सूर पहिल्यापासूनच एका पट्टीत लागलाय.

कॅसाव्हेटिसबद्दल: तिथे माणसं अर्धं बोलतात कारण त्यांच्या आत काहीतरी तुटत असतं. तपासात अर्धं वाक्य म्हणजे अर्धा धागादोरा. प्रेक्षक तो पकडायला धडपडतो आणि पुष्कळदा तिथे पकडण्यासारखं काहीच नसतं.

पडदानशीन

क्ले जिवंत असतानाच्या प्रसंगांचा मुद्दा बरोबर आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. कदाचित कोलंबोचा क्लेवर कधीच पुरता संशय नव्हता, असं धरलं तरच माझं वाचन टिकतं. त्या नजरेने परत पाहीन.

उत्तररात्र

आता घड्याळाच्या प्रसंगाबद्दल. हा भाग आवडणारे आणि न आवडणारे दोघंही त्याच प्रसंगावर बोट ठेवतात.

सगळ्या संशयितांना एकत्र जमवलंय. इंग्रजी रहस्यकथांमधला दिवाणखान्यातला शेवट असतो तसाच, आणि कोलंबोत तो एरवी औषधालाही सापडत नाही. कोलंबो हातात खिशातलं घड्याळ घेऊन फिरतो. एकेकाच्या कानाशी नेतो आणि हळूच म्हणतो, कमोडोरचं घड्याळ. प्रत्येक जण टिकटिक ऐकतो, कुणी काही बोलत नाही. स्वॅनीच्या कानाशी घड्याळ येतं आणि त्याच्या तोंडून पटकन निघून जातं की हे ते नव्हे. टिकटिक चालू असलेलं घड्याळ कमोडोरचं असूच शकत नाही, हे फक्त ते बंद पाडणाऱ्यालाच माहीत.

हा प्रसंग सुटा काढून पाहिला तर फार सुंदर आहे. सगळं लक्ष एका कानावर आणि एका बारीक आवाजावर. फॉक आवाज इतका खाली आणतो की आपणही नकळत पुढे झुकतो. पण पुरावा म्हणून त्याचं वजन किती? एका माणसाच्या तोंडून निसटलेला एक शब्द.

तुलना करायची तर याच लेखकाची करू. भाग लिहिलाय जॅक्सन गिलिसने, आणि त्यानेच १९७१ चा 'सूटेबल फॉर फ्रेमिंग' लिहिला होता. तिथला शेवट आठवा. चोरीच्या चित्रांवर कोलंबोच्या बोटांचे ठसे सापडतात. तो आधी खुन्याकडे गेला असताना त्याचा हात त्या चित्रांना लागला होता, म्हणजे चित्रं तेव्हा खुन्याकडेच होती. खुनी ओरडतो की ठसे याने आत्ताच उमटवले. त्यावर कोलंबो एक शब्द न बोलता खिशातून हात बाहेर काढतो, दोन्ही हातांत मोजे. संपलं. वाद घालायला जागाच उरत नाही. तिथेही शब्द नाहीत, इथेही जवळजवळ नाहीत. पण तिथे शेवटाची तयारी भागाच्या मध्यावर झालेली आहे आणि आपण ती उघड्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. इथे घड्याळाचं महत्त्व आपल्याला शेवटाकडेच कळतं. शेवट दणक्यात बसायचा तर त्याचं बी आधी पेरलेलं असावं लागतं.

जुनीपेटी

'सूटेबल फॉर फ्रेमिंग'च्या शेवटाचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. माझ्या मते संपूर्ण मालिकेतला सर्वांत उत्तम शेवट तोच.

कागदीहोडी

मला एका वेगळ्याच गोष्टीचा त्रास झाला. या भागात कोलंबोबरोबर दोन पोलीस सतत आहेत. एक सार्जंट क्रेमर, आपला ओळखीचा ब्रूस कर्बी. दुसरा तरुण अल्बिन्स्की, ज्याला मॅक म्हणतात, म्हणजे डेनिस ड्युगन. दोघंही नट चांगले आहेत. पण कोलंबो एकटा असतो म्हणूनच तो धोकादायक वाटत नाही, आणि धोकादायक वाटत नाही म्हणूनच मोठी माणसं त्याच्यासमोर बेसावध होतात. श्रीमंताच्या घरात एकटा, अवघडून उभा असलेला माणूस पाहिला की त्यांना त्याची कीव येते. तिघं पोलीस आत शिरले की तपास सुरू झाला हे कुणालाही कळतं. मग मुखवटा कुठला?

शिवाय कोलंबो मनातलं त्या दोघांशी बोलतो. एरवी तो आपला विचार खुन्यासमोरच मोठ्याने करतो, तीच तर त्याची पद्धत. इथे ते बोलणं बाजूला गेलं आणि खुन्यापर्यंत पोचलंच नाही.

शांतसागर

कागदीहोडी, हे फार नेमकं पकडलंत. मी 'समोर कोणी नाही' म्हणत होतो, तुम्ही त्याचं मागचं टोक दाखवलंत. शेजारी माणसं आहेत म्हणून समोरच्याची गरजच संपली.

टिपकागद

सर्वांत कमजोर भाग म्हणून याचं नाव नेहमी घेतलं जातं ते मला अन्यायाचं वाटतं. १९९२ चा 'नो टाइम टू डाय' पाहिलाय ना? एड मॅकबेनच्या कादंबरीवरून घेतलेला. कोलंबोच्या पुतण्याच्या नवरीचं अपहरण होतं, आणि मग घड्याळाशी शर्यत. रेनकोटातला तो माणूस काढून दुसरा कुठलाही पोलीस तिथे ठेवा, भाग तसाच्या तसा चालेल. 'कमोडोर'मध्ये निदान काहीतरी करून बघण्याची हिंमत आहे.

१९७२ चा 'डॅगर ऑफ द माइंड'ही कमजोर धरतात. कोलंबो लंडनला जातो तो. शेवटी तो छत्रीत मोती टाकून खुन्यांना फसवतो, आणि त्या पुराव्याने खटला कसा उभा राहणार हा प्रश्न मला दर वेळी पडतो. पण तिथे रिचर्ड बेसहार्ट आणि ऑनर ब्लॅकमन ही नट जोडपं म्हणून समोर आहेत, कोलंबो त्यांचं कौतुक करता करता त्यांना घेरतो आहे, त्यामुळे ढिला पुरावाही आपण चालवून घेतो. शांतसागर यांचं म्हणणं या भागाने उलट बाजूने सिद्ध होतं. सामना असला की बाकीचं निभावतं.

मध्यंतर

आत्ता संपवला. दोन गोष्टी लिहितो.

एक, स्वॅनीच्या भूमिकेतला फ्रेड ड्रेपर. हा नट आधीच्या भागांत छोट्या छोट्या भूमिकांत येऊन गेलेला. त्यामुळे त्याच्याकडे खुनी म्हणून बघायची डोळ्यांना सवयच नाही. वॉनवर लगेच संशय आणि ड्रेपरवर अजिबात नाही, जुनीपेटी यांनी सांगितलेली युक्ती दोन्ही बाजूंनी वापरली आहे. एवढं डोकं लावलं, मग स्वॅनीला दोन-तीन मोठे प्रसंग का दिले नाहीत? कोलंबो आणि स्वॅनी, दोघंच, एखाद्या बोटीवर, दहा मिनिटं. आपल्याला संशय न येताही ते लिहिता आलं असतं. घड्याळ त्याच्या कानाशी आलं तेव्हा मग खरंच काळजात धस्स झालं असतं.

दुसरी गोष्ट शेवटच्या दृश्याची. कुणीच कशी लिहिली नाही? सगळं आटोपल्यावर कोलंबो सिगार पेटवतो. क्रेमर म्हणतो, तुम्ही सोडणार होतात ना? कोलंबो म्हणतो, अजून नाही, सार्जंट, अजून नाही. आणि छोट्या होडीत बसून वल्ही मारत निघून जातो.

जुनीपेटी

ते दृश्य मी मुद्दामच नव्हतं काढलं, कारण तिथे माझं सगळं परीक्षण गळून पडतं.

'सोडणार होतात' हे सिगारबद्दल आहे, पण ऐकताना ते तेवढ्यावर थांबत नाही. सीझनचा शेवटचा भाग, नावातच अखेरची सलामी, आणि तो पाण्यावरून लांब जातोय. मालिका तिथेच संपली असती तर निरोप म्हणून ते दृश्य पुरलं असतं. पुढच्या सीझनला तीनच भाग आले, आणि मालिका एकंदर २००३ पर्यंत चालली, ६९ भाग झाले, हे आज आपल्याला माहीत आहे. त्या वेळी पाहणाऱ्यांना ते 'अजून नाही' कसं ऐकू आलं असेल याचा मी नेहमी विचार करते.

पडदानशीन

होडीत तो एकटा आहे, कागदीहोडी. दोघंही पोलीस काठावर राहिलेत.

कागदीहोडी

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

शांतसागर

मध्यंतर, तुमच्या 'दोघंच, एखाद्या बोटीवर' या प्रसंगाचा काल रात्रभर विचार करत होतो. तो कुठे बसेल तेही सापडलं: क्लेचा मृतदेह सापडल्यानंतर लगेच. स्वॅनी काकाबद्दल बोलतोय, हसतोय, कोलंबो बोटीतली एकेक वस्तू हातात घेऊन हे काय, ते काय विचारतोय. जाता जाता वळतो आणि सहज विचारतो, तुमचे काका वेळेचे फार पक्के होते का हो?

स्वॅनी म्हणतो, घड्याळाशिवाय पाऊल टाकायचे नाहीत.

एवढं एक वाक्य आधी आलं असतं तर हा भाग मी चौथ्यांदा आनंदाने पाहिला असता.

पडदानशीन

मी पाहणार आहे. क्लेच्या प्रसंगांपासून सुरुवात करते. काही हाती लागलं तर इथेच लिहीन.